अंगाच्या घडींचीं दुखणीं व मलमाची निवड

भाताच्या लावणीचे दिवस आले म्हणजे पायांच्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि पावसाळा सरतां सरतां जांघेंत गजकर्ण उठतें. दुखणें लहान व जागा संकोचाची, म्हणून पुष्कळ शेतकरी वैद्याकडे जाण्याचें टाळतात व दुकानदार देईल ती मलमाची नळी घेऊन येतात. ती नळी कशी पारखावी, याचा विचार या पाठांत करावयाचा आहे.

घडीची कातडी निराळी कां?

काख, जांघ, स्तनांखालची जागा, पोटाची वळी व बोटांच्या बेचक्या या ठिकाणीं कातडीला कातडी लागून असते. तेथें घाम वाळत नाहीं. पाणी तुंबलेल्या शेतांत जशीं मुळें कुजतात, तशी ओलीनें ही कातडी फुगून मऊ पडते, घासून सोलते व बुरशीस आयती जागा मिळते. शिवाय जांघेजवळची कातडी पातळ असल्यानें औषध तींतून फार शोषलें जातें. हायड्रोकॉर्टिझोन हें औषध हाताच्या कातडीपेक्षां अंडकोशाच्या कातडींतून सुमारें ४० पट अधिक शोषलें जातें, असें १९६७ सालच्या प्रयोगांत आढळलें. म्हणून तळपायास चालणारें औषध जांघेस चालेलच असें नाहीं.

आधीं दुखणें ओळखावें

नुसत्या घासण्यानें झालेली लाली दोन्ही बाजूंस सारखी असते. आग होते, पण उंच कड नसते. गजकर्णास खवल्यांची उंच कड असते, मध्यभाग निवळत जातो व खाज फार सुटते. तिसऱ्या प्रकारांत जागा ओलसर व लालभडक होऊन भोंवतीं बारीक पुटकुळ्या येतात. ही किण्वजातीची बुरशी होय. ती मधुमेह्यांस वारंवार होते, म्हणून असें दुखणें उलटून येत असल्यास रक्तांतील साखर तपासून घ्यावी.

कोणतें औषध घ्यावें?

घासण्याच्या दुखण्यास जागा कोरडी करून झिंक ऑक्साईडचें मलम किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ हात पुरतो. दाट चिकट थर देऊं नये. त्याखालीं ओल कोंडते. भुकटी वापरणें झाल्यास कोरड्या अंगावर थोडीच वापरावी; घामांत तिचे गोळे होऊन तेच कातडीस घासतात.

बुरशीवर क्लोट्रिमॅझोल १ टक्का किंवा मायकोनॅझोल २ टक्के, या एकाच औषधाचें हलकें क्रीम घ्यावें. डागाबाहेर दोन बोटें जागा धरून तें दिवसांतून दोनदां लावावें व डाग गेल्यावरही निदान एक आठवडा चालू ठेवावें. खाज थांबली म्हणजे बुरशी मेली असें नव्हे. तण वरवर छाटून मूळ ठेविल्यास तें पुन्हां फुटतें, तसेंच हें आहे.

काय टाळावें?

नळी घेतांना तिचें व्यापारी नांव न पाहतां त्याखालीं बारीक अक्षरांत छापलेलीं औषधांचीं नांवें वाचावीं किंवा कोणाकडून वाचून घ्यावीं. तेथें क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन असें नांव दिसल्यास ती नळी परत करावी. हीं स्टेरॉइडें होत. त्यांनीं दोन दिवसांत खाज थांबते व गुण आलासें वाटतें. परंतु बुरशी आंतून पसरते, तिची ओळखीची कड पुसली जाते, आणि जांघेंत कायमचे पांढरे वळ उठतात. २०१८ सालीं केंद्र सरकारनें अशीं १४ लावण्याचीं स्टेरॉइडें वैद्याच्या चिठ्ठीवांचून विकण्यास बंदी केली. तरी सावधगिरी आपणच बाळगली पाहिजे.

बिब्ब्याचें तेल, रॉकेल किंवा पाणी न मिसळलेलें जंतुनाशक घडींत कदापि लावूं नये. कातडी भाजून फोड येतात. सॅलिसिलिक आम्लाचें मलम तळपायाच्या जाड कातडीस ठीक, पण जांघेंत तें झोंबतें.

घरांतील व्यवस्था

अंग धुतल्यावर घड्या व बेचक्या टिपून कोरड्या कराव्या. कपडे सैल व सुती असावे आणि उन्हांत पूर्ण वाळलेले असावे. पंचा व अंतर्वस्त्रें कोणाचीं कोणी वापरूं नयेत. करदोट्याखालीं ओल व बुरशी टिकते, म्हणून दुखणें असेपर्यंत तो काढून ठेवावा. घरांत दुसऱ्या कोणास खाज असेल तर सर्वांनीं एकाच वेळीं उपचार घ्यावे. नाहींतर एकाचें बरें होतें न होतें तोंच दुसऱ्याकडून तें परत येतें.

दोन आठवड्यांत उतार न पडल्यास वैद्यास दाखवावें. आपल्या देशांत हल्लीं गजकर्णाची अशी एक जात पसरली आहे कीं, तिच्यावर टर्बिनाफीन हें प्रचारांतील औषध पुष्कळदां चालत नाहीं. तेव्हां नळीमागून नळी बदलीत बसूं नये. वैद्याकडे जातांना लावलेल्या नळ्या बरोबर न्याव्या, म्हणजे निदान चुकणार नाहीं. बियाण्याच्या पिशवीवरील चिठ्ठी वाचल्याशिवाय आपण पेरणी करीत नाहीं. मलमाच्या नळीसही तोच नियम लावावा.