सैल झालेला नट

मनालीहून लेहकडे जाणारा रस्ता बारालाचा खिंडीत ४,८०० मीटरांहून अधिक उंचीवर चढतो. अशा निर्जन मार्गावर लांब पल्ल्याची मोटरसायकल एका नटापायी अडून पडली, तर मदत मिळेपर्यंत तास न् तास वाट पाहावी लागते. परंतु तोच नट चालत्या गाडीतून निसटला, तर प्रश्न केवळ खोळंब्याचा राहत नाही. साखळी सुटून मागच्या चाकात अडकली की चाक जागीच जखडते व स्वाराचा जीव धोक्यात येतो. म्हणून हा दोष वेळीच ओळखण्याची रीत जाणून घेणे अगत्याचे आहे.

शक्तीचा मार्ग

एंजिनाची शक्ती गिअरपेटीतून एका दंडापर्यंत येते. या दंडावर लहान दातेरी चक्र बसविलेले असते. त्यावरून गेलेली साखळी मागच्या चाकाचे मोठे दातेरी चक्र फिरविते. पुष्कळ गाड्यांत लहान चक्र दंडाच्या खाचांत बसवून मोठ्या नटाने आवळतात. नटाखालील वॉशरची कड नटाच्या सपाट बाजूवर दुमडून ठेवलेली असते.

१७ दातांच्या आणि दातांमध्ये १५.८७५ मिलिमीटर अंतर असलेल्या चक्राची त्रिज्या सुमारे ४३ मिलिमीटर भरते. दंडावर १०० न्यूटन-मीटर पीळ आला, तर साखळीस सुमारे २,३०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ २३५ किलोग्रॅम वजनाइतकी ओढ बसते. मूठ पिळली की ही ओढ येते, सोडली की उलट बाजूने येते. या हिसक्यांचा परिणाम नटावर होतो.

तपासणीचा क्रम

मूठ पिळताना वा सोडताना ‘खट्’ असा आवाज येणे हे पहिले लक्षण होय. तथापि तो आवाज इतर कारणांनीही येतो. म्हणून एकेक कारण वगळीत जावे.

१. एंजिन बंद करावे, किल्ली काढावी व गाडी स्टँडवर उभी करावी. चालू एंजिनावर साखळीस हात लावणाऱ्याची बोटे तुटू शकतात.

२. साखळीची ढील तीन-चार ठिकाणी मोजून गाडीच्या पुस्तिकेशी ताडून पाहावी.

३. मागचे चाक स्थिर धरून मोठे चक्र हलवावे. ते फार हलल्यास आतील रबरी गाद्या झिजल्या असण्याचा संभव असतो.

४. झाकण काढून लहान चक्र दंडावर हलवून पाहावे. काही गाड्यांत थोडी हालचाल मुळातच ठेवलेली असते. तिचे प्रमाण पुस्तिकेवरून कळते. मात्र नट हाताने फिरत असेल, वॉशरची कड उघडली असेल किंवा खाचांपाशी तांबूस भुकटी दिसत असेल, तर दोष सापडला असे समजावे.

नट का सुटतो?

१० मिलिमीटर जाडीच्या नेहमीच्या बोल्टावर आट्यांचा उतार अवघा ३ अंशांचा असतो. पोलादावर पोलाद याहून बऱ्याच अधिक उतारावरही घर्षणामुळे टिकून राहते. मग नट सुटावा कसा? गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये दाखवून दिले की, बोल्टाच्या आडव्या दिशेने होणारी कंपने नटास सर्वांत लवकर सैल करतात.

याची प्रचीती घरीही घेता येते. एक फळी किंचित तिरपी करून तीवर नाणे ठेवावे. ते जागचे हलत नाही. आता फळीस आडवे हिसके द्यावेत. नाणे आडवे घसरते, त्या वेळी घर्षण त्या हालचालीस विरोध करण्यात खर्ची पडते. उताराकडील अडसर दुबळा होतो व नाणे खाली सरकू लागते. आट्यांच्या उतारावर नटाचेही असेच होते.

उपाय

चक्राच्या वा दंडाच्या खाचा झिजल्या असतील, तर नुसता नट आवळणे व्यर्थ होय; झिजलेला भाग बदलावा. खाचा शाबूत असल्यास आटे स्वच्छ करून नवा वॉशर घालावा. गाडी गिअरमध्ये ठेवून मागचा ब्रेक दाबावा आणि पीळ मोजणाऱ्या पान्याने पुस्तिकेत दिला असेल तितकाच जोर लावावा. या जोराचा सुमारे नऊ-दशांश भाग घर्षणातच जातो. आटे गंजलेले असतील, तर पाना पुरेसा आकडा दाखवितो, पण नट प्रत्यक्षात आवळला गेलेला नसतो. शेवटी वॉशरची कड दुमडावी व काही अंतर गेल्यावर पुन्हा पाहावे.

चढाव सुरू होण्यापूर्वी या तपासणीस दिलेला अर्धा तास वाया गेला, असे कोणत्याही प्रवाशास वाटणार नाही.