द्राक्षांचे ‘जीए’ आणि मुलींचे वयात येणे

प्रश्न : निफाडकडे द्राक्षांचे घड ‘जीए’त बुडवतात. ती खाऊन मुली लवकर वयात येतात का? (एक पालक, नाशिक)

उत्तर : संप्रेरक, म्हणजे एका ठिकाणी तयार होऊन दुसऱ्या ठिकाणच्या पेशींना अत्यल्प मात्रेत आदेश देणारे रसायन, रक्तातून सर्वत्र फिरत असले तरी ज्या पेशींत त्याच्याशी नेमके जुळणारे प्रथिन, अर्थात ग्राही, असते तिथेच ते काम करते. ‘जीए’ म्हणजे जिबरेलिक आम्ल हे वनस्पतींचे संप्रेरक होय. थॉमसनसारख्या बिनबियांच्या द्राक्षात ते पुरवणारे बी पूर्ण वाढत नसल्याने मणी लहान राहतात, म्हणून ते बाहेरून द्यावे लागते. त्याचे ग्राही वनस्पतींत असतात, माणसाच्या पेशींत आढळत नाहीत. मुलींचे वयात येणे मेंदूतील हायपोथॅलॅमसपासून सुरू होते. तो पीयूषिका ग्रंथीला चेतवतो आणि तिची संप्रेरके अंडाशयाकडून इस्ट्रोजेन स्रवून घेतात. या साखळीतील कोणत्याही पेशीत ‘जीए’चे ग्राही नसल्याने तिला त्याचा आदेश कळतच नाही; म्हणून ‘जीए’मुळे मुली लवकर वयात येत नाहीत.

पालकांची काळजी मात्र रास्त आहे, आणि तिचा रोख कीटकनाशकांच्या अवशेषांकडे असणे अधिक योग्य, कारण त्यांपैकी काही रसायने मानवी संप्रेरकांच्या कार्यात ढवळाढवळ करू शकतात. द्राक्षे वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावीत. वयाच्या ८ वर्षांआधी स्तनवाढ दिसल्यास मात्र कारण आहारात न शोधता बालरोगतज्ज्ञांकडे जावे.