आठवीचा तो छोटा कागद : संस्कृत, हिंदी की संयुक्त?



जूनमध्ये शाळा उघडली की आठवीच्या वर्गशिक्षकांच्या टेबलावर एक अर्ध्या पानाचा कागद येतो. वर मुलाचं नाव, खाली तीन चौकोन. हिंदी संपूर्ण, संस्कृत संपूर्ण, हिंदी-संस्कृत संयुक्त. एका चौकोनात खूण करायची, पालकांनी सही करायची आणि आठवड्यात कागद परत द्यायचा. बस, एवढंच. पण त्या खुणेवर मुलाची पुढची तीन वर्षं ठरतात, आणि गंमत म्हणजे बहुतेक घरी ती खूण पाच मिनिटांत होते. शेजारच्या ताईने काय घेतलं होतं, आतेभावाला किती पडले, झालं.

(मी मराठी माध्यमाच्या, राज्य मंडळाच्या शाळेबद्दल लिहिते आहे. बाकी मंडळांचं गणित वेगळं असतं.)

यंदाच्या पालकसभेनंतर एक आई थांबल्या. म्हणाल्या, "मॅडम, संस्कृत घेतलं की टक्के वाढतात म्हणे. आमच्या दिरांच्या मुलीला अठ्ठ्याण्णव पडले."

मी विचारलं, "ताई, तुमची मुलगी काय म्हणते?"

"तिला काय कळतंय? तुम्ही सांगाल ते घेऊ."

हे 'तुम्ही सांगाल ते' ऐकलं की आता मला जरा भीती वाटते. का, ते पुढे सांगते. आधी टक्क्यांचं बघू, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात.

दहावीला सहा विषय, प्रत्येकी १०० गुण, एकूण ६००. मराठी आणि इंग्रजी ठरलेल्याच. तिसऱ्या भाषेच्या जागी वरच्या तीन चौकोनांपैकी एक. संपूर्ण हिंदी किंवा संपूर्ण संस्कृत घेतलं तर ८० ची लेखी परीक्षा आणि २० अंतर्गत. संयुक्त घेतलं तर दोन्ही भाषा निम्म्या निम्म्या, म्हणजे प्रत्येकी ४० लेखी आणि १० तोंडी. नववी-दहावीला संपूर्ण हिंदीवाल्यांच्या हातात 'लोकभारती' असतं, संयुक्तवाल्यांच्या हातात 'लोकवाणी'. संस्कृतचं तसंच, संपूर्णला 'आमोदः' आणि संयुक्तला 'आनन्दः'.

आता मुख्य गोष्ट. टक्केवारी सहापैकी उत्तम पाच विषयांची धरतात. हे सगळ्यांना माहीत असतं, पण भाषा निवडताना कुणी हिशेबात घेत नाही. समजा, एका मुलीला संस्कृतमध्ये ९५ पडतील आणि हिंदी घेतलं असतं तर ८० पडले असते. फरक १५ गुणांचा. पाचशेत १५ म्हणजे ३ टक्के. चांगलाच फरक आहे, नाही म्हणत नाही. पण हे ९५ पडले तर. त्याच मुलीला संस्कृत जड गेलं आणि तो तिचा सगळ्यात कमी गुणांचा विषय ठरला, तर तो पाचांतून बाहेरच पडतो. मग 'स्कोरिंग' म्हणून घेतलेला विषय टक्क्यांत कुठेच दिसत नाही. दिसतो तो फक्त त्याच्यामागे गेलेला वेळ, तोही गणितात कमी पडलेल्या गुणांच्या रूपाने.

संस्कृतमध्ये गुण का पडतात, हेही समजून घ्या. तिथे बरेच प्रश्न 'बरोबर की चूक' या जातीचे असतात. रूप ओळखा, संधी सोडवा, समास जुळवा. उत्तर बरोबर असेल तर तपासणाऱ्याला गुण कापायला जागाच राहत नाही. हिंदीत निबंध, पत्र, कहाणी यांवर पैकीच्या पैकी मिळणं अवघड. पण हाच नियम उलटाही फिरतो. रूप आलं नाही तर 'प्रयत्न केला' म्हणून संस्कृतमध्ये कुणी अर्धा गुण देत नाही.

आणि संस्कृतची चढण सुरुवातीलाच असते. 'देव' हा एक शब्द घ्या. सात विभक्ती आणि संबोधन मिळून आठ ओळी, प्रत्येकीत एकवचन, द्विवचन, बहुवचन. झाली २४ रूपं. मराठीत द्विवचन नाहीच, त्यामुळे 'देवौ' म्हणजे नक्की काय हे समजायलाच आठवडा जातो. मग वन, माला, मग क्रियापदं, एका काळाची नऊ नऊ रूपं. हे रोज दहा मिनिटं मोठ्याने म्हणणाऱ्या मुलाला दिवाळीपर्यंत अगदी सोपं होऊन जातं. जो ऑगस्टमध्ये तापाने पंधरा दिवस घरी राहिला आणि नंतर कुणी त्याला बसवून करून घेतलं नाही, त्याचा धागा तुटतो. हिंदीचं तसं नाही. एखादा धडा बुडला तरी पुढचा समजतो.

म्हणून हिंदी सोपी, असंही समजू नका. 'हिंदी काय, येतेच की, टीव्ही बघतो ना' हे वाक्य मी दरवर्षी ऐकते, आणि पहिल्या चाचणीत तेच मूल लिहितं, 'मैं रोटी खाया'. मराठीत 'त्याने' म्हणताना आपण 'ने' लावतो, पण 'मी भाकरी खाल्ली' म्हणताना लावत नाही. ती सवय हिंदीत आडवी येते. मराठीतलं नपुंसकलिंग हिंदीत नाही, म्हणून 'मेरा पुस्तक' होतं. 'शिक्षा' म्हणजे छडी समजून अख्खा उतारा उलटा वाचणारी मुलं पाहिली आहेत. आणि ऱ्हस्व-दीर्घ! मराठीत 'कवी', 'मूर्ती', हिंदीत 'कवि', 'मूर्ति'. टीव्हीवर काही शुद्धलेखन ऐकू येत नाही. (संयुक्त घेणाऱ्या मुलांना इथे फायदा होतो. संस्कृतमध्ये कविः, मूर्तिः लिहून हात बसलेला असतो, हिंदीत चुका आपोआप कमी होतात.)

आता ती भीती.

सहा-सात वर्षांपूर्वी एक मुलगा लहान गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून सातवी करून आमच्याकडे आला. तिथे पहिला नंबर. वडिलांची पिठाची गिरणी, संध्याकाळी तोही गिरणीवर बसायचा. मराठी वाचन असं की वर्ग गप्प होऊन ऐकायचा. पहिला नंबरवाला म्हणून आम्ही त्याला अ तुकडीत घेतलं. आमच्याकडे अ तुकडी म्हणजे सेमी-इंग्रजी आणि संस्कृत संपूर्ण, दोन्ही एकत्र. वडील म्हणाले, "मॅडम, तुम्ही सांगाल ते." खूण मीच केली. त्याला विचारलं नाही.

पहिल्या सहामाहीत विज्ञान आणि गणित इंग्रजीतून समजून घेण्यातच त्याचा जीव गेला. संस्कृतची रूपं पाठ करायला वेळ उरला नाही. मग त्याने सगळ्या मुलांचा मार्ग धरला, गाईडमधली उत्तरं जशीच्या तशी पाठ करायची. आठवी त्यावर निघाली. नववीत तो एकदा स्टाफरूमच्या दाराशी येऊन म्हणाला, "मॅडम, मला हिंदीच्या वर्गात बसता येईल का?" तोवर उशीर झाला होता. हिंदीचा एक वर्षाचा अभ्यास मागे पडलेला, तुकड्या भरलेल्या, वेळापत्रक ठरलेलं. आम्ही म्हणालो, "आता दोनच वर्षं राहिली, काढ."

दहावीत संस्कृत हाच त्याचा सगळ्यात कमी गुणांचा विषय होता. उत्तम पाचांतून तो गळला. तीन वर्षं रोजचा तासभर ज्या विषयाला दिला, तो निकालात आलाच नाही. गणितात जे गुण पडायला हवे होते ते पडले नाहीत आणि ज्या शासकीय तंत्रनिकेतनात जायचं होतं तिथे नंबर लागला नाही. पेढे घेऊन आला होता तरीही. जाताना म्हणाला, "मला हिंदी आवडायचं, मॅडम. सातवीत मी कविता लिहायचो हिंदीत."

हे मला सातवीच्या शिक्षकांकडून एका फोनवर कळलं असतं.

यात मुलाची चूक नव्हती आणि संस्कृतचीही नव्हती. शिक्षक मित्रांनो, आपण खरं बोलूया. कितीतरी शाळांमध्ये पालक भाषा निवडतच नाहीत, तुकडी निवडतात. 'संस्कृतची तुकडी' म्हणजे हुशार मुलांची, चांगले शिक्षक तिकडे, 'हिंदीची तुकडी' म्हणजे उरलेल्यांची, हे आपणच तयार केलेलं आहे. वेळापत्रकाची सोय म्हणून सुरू होतं आणि मग मुलांच्या कपाळावर बसतं. हिंदी घेणारी हुशार मुलगी अ तुकडीत का बसू शकत नाही, याला माझ्याकडे खोल्या आणि तासिका यांपलीकडे उत्तर नाही. आम्ही गेली तीन वर्षं भाषेच्या तासाला तिन्ही तुकड्यांची मुलं अदलाबदल करून बसवतो. सगळ्या तुकड्यांचा भाषेचा तास एकाच वेळी ठेवावा लागतो, वर्गावर्गांत धावपळ होते, पहिली पाच मिनिटं जातात. पण चालतं.

पालकांनी शाळेत मोकळेपणाने विचारा : सेमी आणि संस्कृत एकत्रच घ्यावं लागतं का? संस्कृत शिकवणारे शिक्षक त्याच विषयाचे आहेत की तास भरून काढायला दिलेले? चांगला संस्कृत शिक्षक असलेल्या शाळेत मध्यम मूलही तरून जातं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुमची नोकरी बदलीची असेल तर आणखी एक विचार करा. संस्कृतचा शिक्षक प्रत्येक शाळेत नसतो, हिंदीचा बहुतेक ठिकाणी असतो. नववीत बदली झाली आणि नव्या शाळेत संस्कृतच नसेल तर मोठी पंचाईत होते.

घरी काय करता येईल? कागद हातात आल्यावर लगेच सही करू नका, चार-पाच दिवस घ्या. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळी पाठ्यपुस्तकं फुकट मिळतात. आठवीचं संस्कृतचं पुस्तक उतरवून घ्या. 'देव' शब्दाची रूपं मुलाला तीन दिवस, रोज दहा मिनिटं म्हणायला द्या. पाठ झाली की नाही हे बघू नका. चौथ्या दिवशी तुम्ही न सांगता तो स्वतःहून म्हणतोय का, त्या तालाची त्याला मजा वाटतेय का, ते बघा. काही मुलांना ती खरोखर वाटते. एका मुलीच्या घरी शिकलेलं कुणी नव्हतं, पण ती भाकरी थापताना आजीला रूपं म्हणून दाखवायची. तिला दुसरं काही द्यायचं कारणच नव्हतं.

हिंदीसाठी 'काल काय काय झालं' यावर दहा ओळी हिंदीत लिहायला सांगा. चुका मोजू नका. दहा ओळी लिहायला सुचतंय का, एवढंच बघा. ज्याला सुचतं, गोष्ट सांगायला आवडतं, त्याच्यासाठी संपूर्ण हिंदी हा उणा पर्याय मुळीच नाही.

संयुक्तबद्दल माझं मत थोडं बदलत गेलंय. पूर्वी मी 'धड ना हे, धड ना ते' म्हणायचे. दोन पुस्तकं, दोन व्याकरणं, दोन लेखी परीक्षा, हा भार खराच आहे. पण ज्या मुलाचा कल अजून कळत नाही, त्याच्यासाठी दोन्ही दारं उघडी राहतात. अकरावीत हिंदी घ्यायचं की संस्कृत, हे तेव्हा ठरवता येतं, आणि तेव्हा ते मूल सोळा वर्षांचं असतं, तेरा नाही.

सेमीची निवड तुमच्या शाळेत आठवीलाच असेल तर ती याच आठवड्यात करू नका, आधी एक पडताळणी करा. सातवीच्या इंग्रजी माध्यमाच्या विज्ञानाचं एक पान मुलाला वाचायला द्या आणि पुस्तक मिटून ते मराठीत सांगायला लावा. सांगता आलं तर प्रश्न नाही. अडखळला तर सेमी घ्यायचं की नाही हे नंतर ठरवा, पण त्यासोबत संपूर्ण संस्कृत नक्की देऊ नका. दोन नव्या चढणी एकाच जूनमध्ये नकोत.

त्या आईंना मी हे सगळं सांगितलं नाही, एवढा वेळ नव्हता. फक्त म्हटलं, "ताई, उद्या तिलाही घेऊन या." दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. मुलीला विचारलं तर तिने आधी आईकडे बघितलं, मग खाली बघत म्हणाली, "संस्कृत करून बघायचंय, पण हिंदी सोडायचं नाहीये." आई म्हणाल्या, "हे मला कधी बोललीस?" मी कागदावर संयुक्तच्या चौकोनात पेन्सिलीने खूण केली आणि कागद परत त्यांच्याकडे दिला. शनिवारपर्यंत मुदत आहे.