शेतकऱ्याची निवड : हिशेब आणि सवय

जिरायती शेतकरी नवे वाण चटकन स्वीकारीत नाही, यावरून तो अविचारी आहे असा निष्कर्ष पुष्कळदा काढला जातो. तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

बार्शी तालुक्यातील ज्वारीचे उदाहरण घेऊ. १९६४ साली सीएसएच-१ हा ज्वारीचा देशातील पहिला संकरित वाण प्रसारित झाला. पुढे खरिपात संकरित ज्वारी पसरली. रब्बीत मात्र सोलापूरकडील शेतकरी मोहोळ येथे निवडलेल्या मालदांडी ३५-१ या वाणासच धरून राहिला. केवळ धान्याची पोती मोजणाऱ्यास हा हट्ट वाटेल. परंतु शेतकऱ्याच्या हिशेबात आणखी तीन बाबी असतात : जनावरांसाठी कडबा, भाकरीची प्रत आणि परतीच्या पावसाने दगा दिल्यास हाती काय उरेल ही चिंता. वर्षाची बेगमी एकाच पिकावर असताना मोठ्या उत्पन्नाच्या आशेपेक्षा हमखास उत्पन्न निवडणे हा अविचार नव्हे. थिओडोर शुल्ट्झ या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ सालच्या आपल्या ग्रंथात हेच प्रतिपादन केले की, पारंपरिक शेतकरी गरीब असला तरी हाताशी असलेली साधने हिशेबानेच वापरतो.

तथापि प्रत्येक वहिवाटीमागे हिशेब असतोच असे मानणे ही दुसऱ्या टोकाची चूक होय. हर्बर्ट सायमन या विद्वानाने दाखविले की, माहिती व वेळ अपुरा असल्याने मनुष्य सर्वोत्तम मार्ग शोधीत न बसता पुरेसा बरा दिसेल तो पत्करतो. पुढे त्याचीच सवय होते. एक किलो बियाण्यास ४ ग्रॅम गंधक चोळल्यास दाणे काणीपासून वाचतात. यात खर्च अल्प, कडब्याची हानी नाही, जोखीमही नाही. तरीही बी तसेच पेरले जाते. येथे हिशेब नसून केवळ सवय आहे.

दोहोंतील भेद ओळखण्याची कसोटी सोपी आहे : परिस्थिती बदलली असता निर्णय बदलतो काय? मालदांडी मध्यम जमिनीस योग्य आहे. हलक्या जमिनीस फुले अनुराधा व भारी जमिनीस फुले वसुधा यांची शिफारस आहे. तिन्ही प्रकारच्या रानांत एकच वाण पेरला जात असेल, तर त्यामागील कारण स्वतःस विचारावे.

शेतकरी बंधूंनी पेरणीपूर्वी प्रत्येक निर्णयाचे कारण वहीत लिहावे. कारण सापडल्यास कोणी हसले तरी तो निर्णय सोडू नये. न सापडल्यास निदान एका वाफ्यात नवी रीत करून पाहावी.