तळ्याची काळजी काठापासून



मागच्या उन्हाळ्यात आम्ही आपल्या युवक मंडळाला घेऊन चिखलदऱ्याला सहलीस गेलो होतो. वरुड, मोर्शी, परतवाडा असे करीत घाट चढला की सातपुड्याच्या माथ्यावर, सुमारे ११०० मीटर उंचीवर, हे थंड हवेचे ठिकाण लागते. तेथील शक्कर तलावात लोक नावेतून फिरतात, काठावर बसून शिदोरी सोडतात. आम्हीही तेच केले. जेवणानंतर मुलांनी काठावरच भांडी घासली आणि उरलेला भात माशांना म्हणून पाण्यात टाकला. आम्ही जवळच उभे होतो, पण काही बोललो नाही. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी मात्र विचारले, "फादर, हे साबणाचं पाणी जाते कुठं?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. परत आल्यावर आम्ही त्याचा अभ्यास केला. तो येथे देत आहोत, कारण आपल्या गावच्या तलावालाही तोच नियम लागू आहे.

पाणी कुठेच जात नाही

नदी घाण पुढे वाहून नेते. डोंगरावरचे लहान तळे तसे नसते. त्याला पाणी मिळते ते भोवतालच्या उतारावरून, आणि तेही पावसाच्या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने ते पाणी जवळजवळ स्थिर असते. त्यातून वाफ उडून जाते, पण साबण, अन्न, शेण-मूत्र आणि माती मागे उरतात. म्हणजे तळे हे एक भांडे आहे. त्यात जे पडते ते त्यातच राहते.

या सर्वांत तळ्याला अधिक बाधते ते स्फुरद. होय, आपण संत्र्याच्या झाडाला देतो तेच. ते खतात असते, शेणात असते, माणसाच्या मैल्यात असते आणि धुण्याच्या काही पावडरींतही असते. १९७३ साली कॅनडात डेव्हिड शिंडलर या शास्त्रज्ञाने व त्यांच्या सोबत्यांनी एका लहान तळ्याच्या मधोमध पडदा लावून त्याचे दोन भाग केले. एका भागात साखर व नत्र घातले. दुसऱ्या भागात साखर, नत्र आणि स्फुरद घातले. थोड्याच आठवड्यांत स्फुरदाचा भाग शेवाळाने हिरवागार झाला. दुसरा भाग स्वच्छ राहिला.

आता आपला हिशेब करू. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात शुद्ध स्फुरद सुमारे १० किलो असते. एक किलो स्फुरदावर सुमारे ५०० किलो ओले शेवाळ वाढू शकते, असा अंदाज आहे. म्हणजे एका पोत्यातील सगळे स्फुरद पाण्यात गेले तर ५,००० किलो शेवाळाची सोय झाली. जे खत वावरात सोने, तेच तळ्यात विष.

आरोग्याला धोका

शेवाळ मेले की तळाशी कुजते आणि कुजताना पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकते. मग पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडतात. हे दिसले की समजावे, तळे आजारी आहे.

हिरव्या-निळ्या जातीचे काही शेवाळ विषारी असते. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी साय दिसते. अशा पाण्यात पोहल्याने अंगाला खाज सुटते. ते पोटात गेल्यास उलट्या-जुलाब होतात, यकृतालाही इजा पोहोचू शकते. असे पाणी पिऊन गुरे मेल्याची उदाहरणे अनेक देशांत आहेत. ध्यानात ठेवा, पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण हे विष जात नाही. अशा पाण्यात मुलांना उतरवू नये आणि गुरांना ते पाजू नये.

आपल्यातील वडीलधाऱ्यांना नारू आठवत असेल. नारूचा रोगी पायावरची जखम घेऊन पिण्याच्या पाण्यात उतरे आणि साऱ्या गावाला रोग देई. त्यावर ना लस होती, ना रोग घालवणारे औषध. तरी पाणी गाळून प्यायल्याने, पायऱ्यांच्या विहिरी बदलल्याने आणि रोग्याला पाण्यात उतरू न दिल्याने तो हटला. भारतातील शेवटचा रोगी १९९६ साली सापडला आणि २००० साली आपला देश नारूमुक्त ठरला. लोकांनी सवय बदलली की पाणी सुधारते, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

फादर सेक्की यांची ताटली

तळे बिघडते आहे हे वेळीच कसे ओळखावे? त्याची एक सोपी रीत एका धर्मगुरूनेच दाखवून दिली. येशूसंघाचे फादर आंजेलो सेक्की हे रोमचे खगोलशास्त्रज्ञ. १८६५ साली त्यांनी पोपमहाशयांच्या जहाजावरून समुद्रात पांढरी तबकडी सोडून पाणी किती निवळ आहे ते मोजले. आजही जगभर तळी अशीच मोजतात.

आपणही हे करू शकतो. वीस सेंटिमीटर रुंदीची जुनी ताटली घ्या. तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन पांढरे व दोन काळे रंगवा. खाली दगड बांधा. मधोमध दोरी बांधून तिला दर दहा सेंटिमीटरवर गाठ मारा. भर दुपारी नावेच्या सावलीच्या बाजूने ती सोडा. दिसेनाशी होईल तेथील खोली टिपा, वर ओढताना पुन्हा दिसेल तीही टिपा, आणि दोन्हींची सरासरी काढा. दर महिन्याला वहीत लिहा. पावसाळ्यात गढूळपणामुळे आकडा घटणारच. पण मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा तो कमी होत चालला, तर काठाकडे पाहण्याची वेळ आली. हे काम मोठ्या माणसांनी, दोघांनी मिळून करावे. मुलांना एकटे धाडू नये.

काय करावे

१. भांडी, कपडे, गाड्या व गुरे तळ्यात धुऊ नयेत. पाणी बादलीने दूर न्यावे आणि धुतलेले पाणी मातीत जिरू द्यावे.

२. माशांना भात, पोळी, मुरमुरे टाकू नयेत. न खाल्लेले अन्न तळाशी कुजते.

३. संडास व गाड्यांची जागा काठापासून दूर असावी. सांडपाण्याचा ओघ तळ्याकडे नसावा.

४. काठाभोवती गवत व झुडपे राखावीत. ती माती आणि खत अडवतात. काठ अगदी साफ करणे म्हणजे तळ्याचे दार उघडे टाकणे.

५. उतारावरच्या वावराला आडवे धुरे घालावेत. जोराच्या पावसाआधी खत फेकू नये, मातीत गाडून द्यावे.

६. जलपर्णी फुलण्याआधीच काढून, वाळवून खतात घालावी. उन्हाळ्यात तलाव आटला की गाळ काढून वावरात टाकावा. शेजारच्या महाराष्ट्रात २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही सरकारी योजनाच आहे.

ध्यानात घ्या, यांतले बहुतेक काम पाण्याबाहेरचे आहे. एकदा तळाशी स्फुरद साचले की ते वर्षानुवर्षे वर येत राहते, आणि मग पैसा ओतूनही तळे लवकर सुधारत नाही.

यंदाच्या सहलीला आम्ही दोन रिकामे पिंप बरोबर नेणार आहोत. खरकटे व उष्टी भांडी त्यांत भरून घरी आणू. आणि ते बाबा पुन्हा भेटले, तर त्यांना सांगू की साबणाचे पाणी कुठे जाते ते आम्हाला आता कळले आहे.