खाज थांबली, कारण शोधलं का?

‘अंगावरून पांढरं जातंय, खाज थांबत नाही, उष्णता झाली असेल का?’ दवाखान्यात हा प्रश्न बायका आवाज खाली आणून विचारतात. त्याआधी बहुतेकींनी मेडिकलच्या दुकानातून एखादं मलम आणून लावलेलं असतं. या त्रासामागे पुष्कळदा कॅन्डिडा अल्बिकन्स नावाचं यीस्ट, म्हणजे एकपेशीय बुरशी, असतं. उष्णतेशी किंवा अस्वच्छ वागण्याशी त्याचा संबंध जोडून लाजण्याचं कारण नाही. दर चार स्त्रियांपैकी साधारण तिघींना आयुष्यात एकदा तरी हा संसर्ग होतो.

हे यीस्ट बाहेरून येतंच असं नाही. निरोगी माणसाच्या तोंडात, आतड्यात आणि योनीमार्गात ते थोड्या प्रमाणात मुक्कामाला असतं. पीक दाट असलं की तणाला जागा मिळत नाही, तसे योनीमार्गातले लॅक्टोबॅसिलस जातीचे उपयुक्त जिवाणू आम्ल तयार करून यीस्टला आवरून धरतात. अँटिबायोटिक घेतल्यावर रोगजंतूंबरोबर हे जिवाणूही मरतात आणि यीस्ट फोफावतं. मग त्याचं रूप पालटतं. गोल पेशींना लांब तंतू फुटतात, ते त्वचेच्या नाजूक अस्तरात शिरतात. हे तंतू कॅन्डिडालायसिन नावाचं विषही सोडतात, असं 2016 मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. आग, लाली आणि सूज येते ती या हल्ल्यामुळे आणि त्याला शरीराने दिलेल्या उत्तरामुळे.

म्हणून औषध घेताना एक प्रश्न स्वतःला जरूर विचारा: हे यीस्ट आताच का उसळलं? अनियंत्रित मधुमेह हे एक मोठं कारण. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या मधुमेहाच्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळेही जननेंद्रियांवर यीस्ट वाढू शकतं. पुरुषांना शिश्नाच्या टोकावर लाली आणि खाज येते. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. गरोदरपण, स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्ती घटवणारे आजार हीसुद्धा कारणं आहेत. पावसाळ्यात जांघेत, स्तनांखाली, बोटांच्या बेचक्यांत ओल राहते, तिथेही ते वाढतं. पायाच्या चिखल्यांमध्येही त्याचा हात असू शकतो.

पांढरं जाणं म्हणजे दरवेळी यीस्टच, असंही नाही. यीस्टचा स्राव बहुधा दह्यासारखा घट्ट असतो, त्याला फारसा वास नसतो. खाज आणि लघवीच्या वेळी आग होते. माशासारखा वास किंवा हिरवट-पिवळा फेसाळ स्राव असेल तर आजार वेगळा आणि औषधही वेगळं. योनीमार्ग आतून साबणाने किंवा जंतुनाशकाने धुऊ नका, त्याने राखणदार जिवाणूच कमी होतात.

दुकानातून मिळणाऱ्या अनेक मिश्र मलमांत बुरशीच्या औषधासोबत तीव्र स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी आत टिकून राहते, पसरते. जांघेतली त्वचा पातळ होते, कायमचे चट्टे पडतात. अशी मलमं सल्ल्याशिवाय लावू नका, ही माझी कळकळीची विनंती. योग्य निदान झालं की क्लोट्रिमाझोल किंवा फ्लुकोनाझोलने साधा संसर्ग सहसा बरा होतो. गरोदर स्त्रियांनी मात्र फ्लुकोनाझोलची गोळी परस्पर घेऊ नये. त्यांच्यासाठी योनीमार्गात वापरायची सुरक्षित औषधं आहेत.

तोंडाकडेही लक्ष द्या. बाळाच्या जिभेवरचं दूध सहज पुसलं जातं. यीस्टचा पांढरा थर सहज निघत नाही, खरवडला तर खाली लाल दिसतं. अशा वेळी बाळाबरोबर अंगावर पाजणाऱ्या आईलाही तपासून घ्या. दम्याचा स्टेरॉइड पंप घेतल्यावर चूळ भरून थुंका. कवळी रात्री काढून स्वच्छ करून ठेवा. प्रौढ माणसाच्या तोंडात कारणाशिवाय असा थर आला, तर साखरेची आणि एचआयव्हीची तपासणी करून घ्या. सोबत गिळताना दुखत असेल तर उशीर नको.

हेच यीस्ट रक्तात शिरलं तर जिवावर बेततं. अतिदक्षता विभागातले, शिरेत नळी असलेले किंवा पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेले रुग्ण आणि अपुऱ्या दिवसांची बाळं यांना हा धोका असतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये धोकादायक बुरशींची यादी केली, तिच्या सर्वांत वरच्या गटात कॅन्डिडा अल्बिकन्स आहे. त्याच गटातली कॅन्डिडा ऑरिस ही भाऊबंद अनेक औषधांना दाद देत नाही आणि रुग्णालयात एकाकडून दुसऱ्याकडे पसरते. रुग्णाला भेटण्याआधी आणि नंतर हात धुण्याचा आग्रह त्यासाठीच.

वर्षातून तीन-चारदा त्रास झाला, ताप आला, ओटीपोटात दुखलं किंवा उपचारानंतर आठवड्यात फरक पडला नाही, तर डॉक्टरांना भेटा. घेतलेली सगळी औषधं आणि लावलेली मलमं त्यांना दाखवा, आणि साखर तपासल्याशिवाय घरी येऊ नका.