दारिद्र्याची रेषा आणि गरिबांची यादी



किमान गरजाही न भागणे म्हणजे दारिद्र्य. या किमान गरजा कोणत्या, हे मात्र कोणाला तरी ठरवावे लागते, आणि वाद तेथूनच सुरू होतो. हिंदुस्थानात हा हिशेब ठामपणे मांडला तो दादाभाई नौरोजींनी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार जेवढा खर्च करते, तेवढीही सामान्य रयतेची सरासरी मिळकत नाही, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवले. पुढे १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी माणशी रोज २,२५० कॅलरींचा आहार हा आधार धरला. पोट भरणे हेच या रेषेचे मूळ माप होते.

रेषा थोडी सरकवली तरी गरिबांची संख्या किती बदलते, हे २०११–१२ या एकाच वर्षाच्या दोन अंदाजांत दिसते. गरिबी मोजण्याची पद्धत तपासणाऱ्या तेंडुलकर समितीच्या पद्धतीने माणशी मासिक खर्चाची रेषा ग्रामीण भागात ८१६ रुपये आणि शहरात १,००० रुपये होती. त्यानुसार देशातील २१.९ टक्के लोक गरीब ठरले. रंगराजन समितीने ती ९७२ आणि १,४०७ रुपये धरली, तेव्हा प्रमाण २९.५ टक्के निघाले. म्हणून कोणती रेषा, हे सांगितल्याशिवाय टक्केवारी उद्धृत करणे हा अभ्यास नव्हे.

याहून मोठी गफलत ‘दारिद्र्यरेषेखालील’ हा शब्द वापरताना होते. वरची टक्केवारी नमुना पाहणीतल्या खर्चावरून काढलेली असते. तीत कोणत्याही एका घराचे नाव नसते. गावातली यादी वेगळ्याच मार्गाने येते. २००२ च्या दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांच्या ग्रामीण गणनेत जमीन, घर, कपडे, अन्न, शिक्षण, कर्ज अशा तेरा निकषांवर प्रत्येकी शून्य ते चार गुण दिले गेले. पिवळ्या शिधापत्रिकेसाठी पुन्हा कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न पाहिले जाते. म्हणजे खर्च, गुण आणि उत्पन्न अशी तीन मापे, पण नाव एकच. एखाद्या भूमिहीन विधवेचे नाव यादीत नाही म्हणून ती गरीब नाही, असे कार्यालयात सांगितले जाते तेव्हा या गोंधळाची किंमत तिला मोजावी लागते. हा अन्याय आहे, आणि तो आकडेवारीच्या नावाखाली होतो.

बोलीत ‘गरीब’ म्हणजे मवाळ, खाली मान घालणारा असाही अर्थ आहे. त्यामुळे हक्काचे धान्य ठणकावून मागणारा माणूस लोकांना गरीब वाटेनासा होतो. पाहणी करणाऱ्याने तरी ही चूक करू नये.

रेषेच्या जरा वर असलेले घर एका आजारपणाने खाली येते, हे रेषेला दिसत नाही. म्हणून गावात गेल्यावर कार्डाचा रंग लिहून थांबू नये. कर्ज कोणाचे आणि कशासाठी, औषधपाण्यावर किती गेले, वर्षातले किती महिने काम मिळाले, मुलीची शाळा कोणत्या इयत्तेत आणि कशामुळे सुटली, हे विचारावे आणि उत्तर देणाऱ्याच्या शब्दांत टिपून घ्यावे.